रिक्षा, हॉटेल आणि बातमीचे पैसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅनडाच्या ऑनलाइन न्यूज अ‍ॅक्टवर मी मागे जो लेख लिहिला, त्यावर ‘जुना वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. गूगल आणि मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) यांनी बातम्यांच्या मोबदल्यासाठी वृत्तसंस्थांशी बोलणी करावीत, असा हा कायदा. ऑस्ट्रेलियात तसाच त्याआधी झाला. माझं उत्तर लांबलं, म्हणून ते इथे स्वतंत्र देतो. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी आधी ती जशीच्या तशी :

“लेख वाचला. पत्रकारांचं नेहमीचं रडगाणं. रिक्षावाला गिऱ्हाईक हॉटेलच्या दारात फुकट आणून सोडतो आणि हॉटेलवाला उलट त्याच्याकडेच पैसे मागतो, असा हा कायदा आहे. ऑस्ट्रेलियात पैसा मर्डॉकला मिळाला. कॅनडातून मेटाने बातम्याच काढून टाकल्या आणि छोटी वृत्तपत्रं मेली. उद्या भारतात असा कायदा आला तर चार मोठे मालक गबर होतील, तालुक्याच्या पत्रकाराला दमडीही मिळणार नाही. आणि सरकारने मिळवून दिलेल्या पैशावर जगणारं वृत्तपत्र सरकारविरुद्ध लिहील का? तुमचं वय झालं, जमाना बदलला, हे मान्य करा.”

नमस्कार. मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याशी कडाडून भांडणारे वाचक आहेत आणि त्यांच्यापैकी काहींशी आता घरोबा झाला आहे. पण ‘रडगाणं’ या शब्दापाशी मी थांबलो. त्या लेखात मी पत्रकारांसाठी कुठेही दया मागितलेली नाही. त्यात कायद्याची कलमं होती, तारखा होत्या, रकमा होत्या. त्यांतल्या एकीलाही तुम्ही हात लावला नाही. चार पानांचा मजकूर वाचून त्याला एका शब्दात निकालात काढायचं आणि वर ‘लेख वाचला’ असं लिहायचं, ही वाचनाची कोणती रीत?

वयाचंही तसंच. माझं वय झालं आहे, हे मी लपवलेलं नाही. पण त्याने माझा एखादा आकडा चुकीचा ठरतो का? ठरत असेल तर कोणता, ते सांगा. मी माझ्या नावाने लिहितो. तुम्ही टोपणनावाच्या आडून माझं वय काढता. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाशी वाद घालायची पद्धत आहे, आणि ती मुद्द्यावरून घालायची असते. असो. तुम्ही लिहिलेल्या सात-आठ वाक्यांत एक वाक्य असं आहे ज्यात खरोखर काही मांडणी आहे. ते रिक्षाचं. ते मी नीट घेतो, कारण हा दाखला मी इथल्या, कॅनडातल्या, इंग्रजी चर्चेतही वेगवेगळ्या रूपांत ऐकला आहे आणि ऐकणाऱ्याला तो लगेच पटतो.

रिक्षावाल्याचं पोट भाड्यावर चालतं. फेसबुक किंवा गूगल तुमच्याकडून भाडं घेत नाहीत, म्हणून तुम्ही ‘फुकट’ म्हणालात. पण ते जाहिरातदाराकडून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने रॉड सिम्स अध्यक्ष असताना दीड वर्ष चौकशी केली आणि २०१९ मध्ये अहवाल दिला. छोट्या जाहिराती वगळल्या तर तिथे ऑनलाइन जाहिरातीवर खर्च होणाऱ्या दर १०० डॉलरपैकी ४७ गूगलला, २४ फेसबुकला आणि उरलेले २९ बाकी सगळ्यांना मिळून जात होते. त्या ‘बाकी सगळ्यां’मध्ये देशातली सगळी वृत्तपत्रं आली. कॅनडा सरकारने कायदा आणताना दिलेला आकडा तर याहून वाईट आहे : २०२२ मध्ये ऑनलाइन जाहिरातींचे १४ अब्ज डॉलर, आणि त्यांतले ८० टक्के या दोन कंपन्यांकडे. म्हणजे तुमचा रिक्षावाला गिऱ्हाईक आणून सोडतो खरा, पण जेवणाचं बिल वाटेतच त्याने स्वतः वसूल केलेलं असतं. हॉटेलात पोचणारा माणूस रिकाम्या खिशाने पोचतो. आणि पुष्कळदा पोचतच नाही. मथळा आणि खालच्या दोन ओळी तिथल्या तिथे वाचून त्याचं काम भागतं.

मेटाने कॅनडात स्वतःचा हिशोब मांडला होता. एप्रिल २०२२ पर्यंतच्या वर्षभरात आम्ही प्रकाशकांना १.९ अब्ज क्लिक दिले, त्यांची किंमत २३ कोटी डॉलर होते, असा. तुमच्या ‘फुकट’चा उगम बहुधा हाच असावा. उपकार करणाऱ्याने उपकाराची किंमत स्वतःच लावायची आणि ज्याच्यावर उपकार झाला त्याने ती निमूट मान्य करायची, हे मला कधीच पटलेलं नाही. शिवाय त्याच मेटाचं दुसरं म्हणणं असं की, लोकांना फीडमध्ये जे दिसतं त्यात बातम्यांच्या लिंका ३ टक्क्यांहून कमी आहेत. एका तोंडाने बातमी आमच्यासाठी नगण्य आहे म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने आमच्याशिवाय बातमी जगणार नाही म्हणायचं. यातलं दुसरं खरं असेल, तर वाटाघाटीला बसायला कायदा लागणार हे त्यातूनच सिद्ध होतं.

आता दाखल्यातली खरी खोट. गावात रिक्षावाले पन्नास असतात. एकाने नकार दिला तर दुसरा मिळतो, नाहीतर माणूस चालत जातो. इथे स्टँडवर रिक्षा एकच आहे. जर्मनीत २०१३ मध्ये प्रकाशकांना बातमीच्या उताऱ्यांवर हक्क देणारा कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी अ‍ॅक्सेल श्प्रिंगर या तिथल्या बलाढ्य प्रकाशकाने गूगलला काही वृत्तस्थळांचे उतारे दाखवायला परवानगी नाकारली. शोधातून येणारे वाचक जवळपास ४० टक्क्यांनी घटले आणि पंधरवड्यात त्यांनी फुकट परवानगी देऊन टाकली. स्पेनने २०१४ मध्ये सक्तीच्या मोबदल्याचा कायदा केला, तर गूगलने त्या डिसेंबरमध्ये तिथली गूगल न्यूज बंदच केली. ती परत आली २०२२ मध्ये, कायदा बदलल्यावर. इतका बलाढ्य प्रकाशक जिथे दोन आठवड्यांवर टिकला नाही, तिथे ‘नको असेल तर त्यांच्या रिक्षात बसू नका’ असं कोणाला सांगता?

आणि रिक्षावाला रुसला म्हणून गावातल्या दवाखान्याची पाटी पुसत नाही. १८ फेब्रुवारी २०२१ ला ऑस्ट्रेलियात जे घडलं ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही ते ओलांडून पुढे गेलात, म्हणून पुन्हा लिहितो. कायदा संसदेत शेवटच्या टप्प्यावर असताना फेसबुकने त्या देशातल्या बातम्या बंद केल्या आणि बातम्यांबरोबर हवामान खात्याचं पान, राज्यांच्या आरोग्य खात्यांची पानं, अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांची पानं कोरी झाली. कोविडची लस चार दिवसांवर आली होती. कंपनी म्हणाली, चुकून झालं. पाच दिवसांत अर्थमंत्री जॉश फ्रायडेनबर्ग यांच्याशी बोलणी होऊन दुरुस्त्या ठरल्या, बंदी उठवण्याची घोषणा झाली आणि २५ तारखेला कायदा मंजूर झाला. इथे कॅनडात गूगलने २०२३ च्या सुरुवातीला पाच आठवडे ४ टक्क्यांहून थोड्या कमी लोकांना शोधात बातम्या मर्यादित करून दाखवल्या. चाचणी म्हणून. ज्यांच्यावर ती झाली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ही वागणूक गिऱ्हाईक पोचवणाऱ्याची आहे का?

कायदा लिंकेवर कर लावतो, अशी तुमची समजूत तुमच्या दाखल्यातून दिसते. कायद्याचा गाभा लवादात आहे. दोन्ही बाजूंनी ठरलेल्या मुदतीत आपसांत बोलायचं. जमलं नाही तर दोघांनीही आपापला अंतिम आकडा लवादापुढे ठेवायचा आणि लवादाने त्यांतला एक निवडायचा, मधला काढायचा नाही. त्यामुळे अवास्तव आकडा सांगणारा हरतो आणि दोघेही आधीच शहाण्यासारखे वागतात. ऑस्ट्रेलियात आजवर एकाही कंपनीला या कायद्याखाली अधिकृतपणे आणावं लागलेलं नाही. नुसता कायदा पुस्तकात असल्याने तीसहून अधिक करार झाले आणि वर्षाला २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त पैसा वृत्तसंस्थांकडे आला, असा सिम्स यांचा अंदाज होता. त्या पैशातून तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एबीसीने, ग्रामीण भागात पन्नासहून अधिक पत्रकार नेमले. लहान वृत्तपत्रांच्या कंट्री प्रेस ऑस्ट्रेलिया या संघटनेला एकत्र वाटाघाटी करायची परवानगी मिळाली. हे सगळं ‘पैसा मर्डॉकला मिळाला’ या तीन शब्दांत मावत नाही. मर्डॉक हा तिथला बडा वृत्तपत्रमालक. त्याला मिळाला, मोठा वाटा मिळाला. एबीसीलाही मिळाला. फेसबुकने एसबीएस या दुसऱ्या सार्वजनिक प्रसारण संस्थेशी करार केला नाही, तो अन्यायच होता, पण तो कंपनीने केला.

मी हे पुस्तकं वाचून लिहीत नाही. कॅनडात येण्याआधी मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. तालुक्यांहून बातम्यांची पाकिटं संध्याकाळच्या एसटीने यायची, ती सोडवायला शिपाई स्टँडवर जायचा. पुढे फॅक्स आला, मग ई-मेल. पानं लावताना बातमी किती कॉलम हे मी ठरवायचो, पण आधी जाहिरात विभागाचा डमी टेबलावर यायचा आणि त्यात जी जागा उरायची ती आमची. जाहीर नोटिसा, निविदा, भाड्याने देणे आहे, स्थळे पाहिजेत, प्रथम पुण्यस्मरण. या दोन-दोन इंचांच्या चौकटींवर सबंध कार्यालयाचा पगार निघायचा. त्या चौकटी एकेक करून मोबाइलमध्ये गेल्या तेव्हा मी तिथेच होतो. शेवटच्या काळात पगार दोन-दोन महिने लांबायचा. ‘जमाना बदलला’ हे तुम्ही मला शिकवू नका. मी त्या बदलाचे हप्ते भरले आहेत.

आमच्या तालुका वार्ताहरांना मानधन नावापुरतं असायचं. घर चालायचं ते जाहिरातीच्या कमिशनवर. आमदारांचा वाढदिवस, कारखान्याच्या नव्या अध्यक्षांचं अभिनंदन, पंधरा ऑगस्टची पुरवणी. एका वार्ताहराने पाणीपुरवठा योजनेच्या कामावर बातमी पाठवली. बातमी पक्की होती, कागद सोबत होते, मी ती पहिल्या पानावर लावली. कंत्राटदार ज्या पुढाऱ्याचा होता त्याची दिवाळीची पानभर जाहिरात त्या वर्षी आली नाही. वार्ताहराचं कमिशन बुडालं. कोणी त्याला धमकावलं नाही, कोणी काढलं नाही. पण त्यानंतर त्याच्याकडून तशी बातमी पुन्हा आली नाही, आणि मलाही ती मागायचा धीर झाला नाही.

म्हणून ‘सरकारने मिळवून दिलेल्या पैशावर जगणारं वृत्तपत्र सरकारविरुद्ध लिहील का’ हा तुमचा प्रश्न मला वरवरचा वाटतो. वृत्तपत्र कोणाच्या ना कोणाच्या पैशावर जगतंच. त्यातला एक मोठा वाटा पुढाऱ्याच्या मर्जीवर नसेल, वर्षाच्या सुरुवातीला ठरलेला असेल, तर वार्ताहर ताठ उभा राहील की वाकेल? कॅनडात गूगल दर वर्षी १० कोटी डॉलर देते आणि महागाईप्रमाणे ती रक्कम वाढते. आकडा सरकारशी बोलून ठरला, हे खरं. पण वाटप कॅनेडियन जर्नलिझम कलेक्टिव्ह ही संस्था करते, कुठे किती पत्रकार प्रत्यक्ष कामावर आहेत त्या हिशोबाने. बातमी कोणाच्या बाजूची होती, हे त्या सूत्रात कुठे बसतं ते दाखवून द्या.

आता ‘छोटी वृत्तपत्रं मेली’. मी ब्रॅम्प्टनला राहतो. इथे ‘ब्रॅम्प्टन गार्डियन’ दारात पडायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये मेट्रोलँड कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, सत्तरहून अधिक साप्ताहिकांच्या छापील आवृत्त्या एका दिवसात थांबल्या आणि ६०५ लोकांची नोकरी गेली. ‘गार्डियन’ त्यांतलंच. मेटाने बातम्या बंद करून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. दीड महिन्यात सत्तर साप्ताहिकं कोसळत नाहीत. कंपनीने कारण दिलं ते छापील जाहिराती आणि त्यांच्याबरोबर वाटली जाणारी पत्रकं आटल्याचं. कॅनडात २००८ पासून ४५० हून अधिक वृत्तसंस्था बंद पडल्या, आणि त्या कायदा येण्याआधी पडल्या. मरणाचं कारण औषधाच्या नावावर लिहू नका.

मेटाने बातम्या काढल्याने नुकसान झालं, फार झालं. मॅगिल आणि टोरंटो विद्यापीठांच्या संशोधकांनी वर्षभराने पाहणी केली तेव्हा कॅनडातल्या वृत्तसंस्थांचा फेसबुक-इन्स्टाग्रामवरचा प्रतिसाद ८५ टक्क्यांनी घटलेला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये यलोनाइफ शहर वणव्यामुळे रिकामं करावं लागलं. सुमारे वीस हजार माणसं. रस्ते कुठले खुले आहेत याची बातमी लोक एकमेकांना फेसबुकवर पाठवू शकत नव्हते, पडद्याचे फोटो काढून टाकत होते. त्या वेळच्या पंतप्रधानांनी जाहीरपणे टीका केली तरी कंपनी हलली नाही. कायद्याने मेटाला जा म्हटलं नव्हतं. बोलणी करा म्हटलं होतं, आणि गूगल बोलायला बसली. या दोन वाटांतून एक निवडणाऱ्याचा दोष तुम्ही कायद्याच्या माथी मारता आणि स्वतःला व्यवहारी म्हणवता.

एका बाबतीत तुमच्याशी माझं जमतं. कॅनडातल्या पैशाचा ३० टक्क्यांपर्यंतचा वाटा खासगी प्रसारण कंपन्यांना जातो, तो मलाही जास्त वाटतो. सार्वजनिक सीबीसीला ७ टक्क्यांची मर्यादा घातली तशी खासगींना आणखी खालची घालायला हवी होती. मोठ्यांकडे जास्त जातं या तुमच्या तक्रारीत तेवढं तथ्य आहे.

भारताबद्दल तुम्ही जे लिहिलं त्यावर इथे लिहिण्याची गरज मला वाटत नाही. माझा लेख कॅनडावर होता. भारतात कायदा नाही. डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलची चौकशी लावली आणि २०२४ च्या राष्ट्रीय पत्रकार दिनी मंत्री अश्विनी वैष्णव न्याय्य मोबदल्याबद्दल बोलले, इतकंच. जे अजून झालेलं नाही ते कसं वाईट होईल याची भविष्यवाणी करून जे झालेलं आहे त्याला चूक ठरवता येत नाही. तालुक्याच्या पत्रकाराला काय मिळतं आणि काय नाही, हे तर मला तुमच्याकडून ऐकायची वेळ आलेली नाही.

तुम्ही कुठे राहता मला ठाऊक नाही. इथे कॅनडात महाराष्ट्रातल्या दैनिकांची फेसबुक पानंसुद्धा उघडली तर त्यांत बातमी दिसत नाही, कारण मेटाने बंदी घातली ती परदेशी प्रकाशकांनाही लागू केली. आमच्या मराठी मंडळींच्या गटात कोणी गावाकडच्या पुराची बातमी टाकू पाहतो आणि ती जात नाही. त्या मराठी दैनिकांनी कॅनडाकडे कधी एक डॉलर मागितला नव्हता. ही माणसं मला विचारतात, असं का?

पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, प्रतिक्रिया अडवली जाणार नाही. पण वय आणि रडगाणं बाजूला ठेवा. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये गूगलला ५० कोटी युरो दंड केला, प्रकाशकांशी प्रामाणिकपणे वाटाघाटी केल्या नाहीत म्हणून. मार्च २०२४ मध्ये पुन्हा २५ कोटी. त्या वेळी एक कारण असं होतं की कंपनीने आपलं एआय शिकवायला प्रकाशकांचा मजकूर त्यांना न कळवता वापरला. तिथे कुठलं गिऱ्हाईक कुठल्या हॉटेलच्या दारात सोडलं होतं, तेवढं सांगा.